पत्र्याच्या हॉलमध्ये पंक: लाइव्ह रेकॉर्डिंग करताना या चुका टाळा

रामोन्स हा न्यूयॉर्कचा पंक बँड (पंक म्हणजे छोट्या, वेगवान गाण्यांचं दणदणीत रॉक), पण त्यांचा 'इट्स अलाइव्ह' हा अल्बम रेकॉर्ड झाला लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये, ३१ डिसेंबर १९७७ च्या रात्री. बाजारात आला १९७९ साली. २८ गाणी आणि सगळी मिळून ५४ मिनिटांच्या आत. एक गाणं संपतं न संपतं तोच बास गिटार वाजवणारा डी डी 'वन टू थ्री फोर' ओरडतो आणि पुढचं सुरू. मागून परक्या शहरातल्या गर्दीचा गलका येत राहतो. लातूरमध्ये रात्री हेडफोन लावून हा अल्बम मी किती वेळा ऐकला असेल, मोजदाद नाही. इथल्या पोरांचे कार्यक्रम रेकॉर्ड करायला लागलो तेव्हा डोळ्यांसमोर तोच होता. आपल्या रेकॉर्डिंगमध्येही ती रात्र ऐकू आली पाहिजे, एवढंच मागणं. ती कुठे कुठे निसटते, ते सांगतो.

फक्त मिक्सरवर विसंबू नका

सगळ्यात जास्त रेकॉर्डिंग इथेच वाया जातात. माझं पहिलंही असंच गेलं. साउंडवाल्याच्या मिक्सरमधून (सगळे माइक जिथे येऊन मिळतात आणि स्पीकरला जातात ती पेटी) दोन वायरी काढल्या, रेकॉर्डरला जोडल्या आणि निर्धास्त झालो. घरी येऊन ऐकतो तर गाणाऱ्याचा आवाज एकदम कोरडा, कानाशी. ड्रम शेजारच्या घरात वाजतोय असा. आणि टाळी एकही नाही. कारण साधं आहे. छोट्या हॉलमध्ये ड्रम आणि गिटारचा अ‍ॅम्प मुळातच इतके जोरात वाजतात की साउंडवाला ते मिक्सरमध्ये घेतच नाही, किंवा नावापुरते घेतो. मिक्सरमध्ये जे नाही ते वायरीतून कुठून येणार?

म्हणून दोन ठिकाणांहून घ्या: एक मिक्सरमधून आणि एक हॉलमध्ये ठेवलेल्या रेकॉर्डरवर. नंतर कॉम्प्युटरवर दोन्ही जुळवायचे. इथे पुढची अडचण येते. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मीटरला जवळपास ३ मिलिसेकंद. रेकॉर्डर स्टेजपासून २० मीटर मागे असेल तर त्याच्यावर प्रत्येक ठोका ५८ मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि मिक्सरच्या आवाजावर तो दुहेरी ऐकू येतो. पहिल्या गाण्याआधी स्टेजवरच्या माइकसमोर एक खणखणीत टाळी वाजवून घ्या आणि त्या टाळीवर दोन्ही ट्रॅक जुळवा. तरी तासाभरात दोन यंत्रांचं घड्याळ थोडं सरकतंच, त्यामुळे प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला पुन्हा तपासा.

साउंड चेकच्या आवाजावर लेव्हल लावू नका

दुपारी साउंड चेकला, म्हणजे कार्यक्रमाआधीच्या आवाजाच्या चाचणीला, रिकाम्या हॉलमध्ये ड्रमर हात राखून वाजवतो. संध्याकाळी समोर पोरं उड्या मारायला लागली की तोच ड्रमर दुप्पट जोराने हाणतो. लेव्हल, म्हणजे रेकॉर्डर आवाज किती जोरात घेतो ते, दुपारचीच असेल तर आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने धड होत नाही. रेकॉर्डिंग २४ बिटवर ठेवा आणि चेकच्या वेळी सगळ्यात मोठा ठोका रेकॉर्डरच्या मीटरवर उणे १८ ते उणे १२ डेसिबलच्या मध्येच राहू द्या (शून्याच्या वर गेला की फाटतो). कमी वाटेल, वाटू द्या. कमी आवाज नंतर वाढवता येतो. मोबाइलवर घेत असाल तर आपोआप लेव्हल कमी-जास्त होणारी सोय बंद करता येईल असं अ‍ॅप वापरा. नाहीतर ड्रमच्या प्रत्येक ठोक्याला गाणाऱ्याचा आवाज खाली दबतो आणि पुन्हा वर येतो.

पत्रा घुमतो, त्याची सोय आधी करा

आपल्याकडे कार्यक्रमाची जागा म्हणजे बहुतेक वेळा मंगल कार्यालय: वर पत्रा, खाली फरशी, चारी बाजूंना उघड्या भिंती. वेगवान गाणं अशा ठिकाणी लापशी होऊन जातं. एकदा कार्यक्रमाच्या दुपारी मी तिथल्या व्यवस्थापक काकांकडे गाद्या मागितल्या.

"गाद्या कशाला रे? लग्न तर परवा हाय."

"काका, आवाज लई घुमायलाय. मागच्या भिंतीला लावायच्यात."

काकांनी स्वतः एक टाळी वाजवून बघितली, पत्र्याकडे पाहिलं आणि वीस गाद्या काढून दिल्या. त्या मागच्या भिंतीला उभ्या टेकवल्या, स्टेजवर ड्रमखाली सतरंजी दुमडून घातली. बासचा घुमारा गादीने जात नाही, पण झांजांचा आणि माइकचा परतून येणारा आवाज बराच खाली आला. गर्दी भरली की आणखी कमी होतो, माणसांची अंगं आणि कपडे आवाज पितात.

रेकॉर्डर भिंतीला चिकटवून ठेवू नका, तिथे बास फुगतो. स्पीकरच्या तोंडाशीही नको. हॉलच्या मधोमध, साउंडवाल्याच्या टेबलाच्या थोडा पुढे, सात-आठ फूट उंच स्टँडवर ठेवा. डोक्यांच्या वर असला की समोरच्याचं बोलणं कमी आणि गलका जास्त येतो.

घूंऽऽ असा आवाज येत असेल तर

तो विजेचा, ५० हर्ट्झचा. अ‍ॅम्प, मिक्सर आणि रेकॉर्डर एकाच बोर्डावरून चालवा. लाइटिंगला वेगळी लाइन द्या. जनरेटरवर गेलात तरी हेच. एवढ्याने गेला नाही तर ग्राउंड लिफ्टचं (आवाजाच्या वायरीतली अर्थची जोडणी तोडणारं) बटण असलेला डीआय बॉक्स, म्हणजे वाद्य आणि मिक्सरमधली छोटी डबी, मध्ये लावा. विजेच्या प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका. आवाज थांबतो खरा, पण गिटार हातात आणि ओठ माइकला, अशा पोराला शॉक बसून जीव जाऊ शकतो. यात कुणाचंही ऐकू नका.

बाकी छोटं-मोठं. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला एका चॅनलचे तासाला जवळपास ५२० एमबी होतात. आठ चॅनल घेतले तर चार जीबीच्या वर. कार्ड रिकामं करून घ्या, सेल नवे घाला. आणि एखाद्या बँडला बाहेरदेशी वाजवायचं आमंत्रण आलं तर अमेरिकेतली वीज १२० व्होल्टची आहे, आपली २३०ची, हे निघण्याआधी अ‍ॅडॉप्टरवर वाचून घ्या.

एकाच कार्यक्रमावर सगळं लावू नका

रामोन्सनी त्या ब्रिटन दौऱ्यातले चार कार्यक्रम रेकॉर्ड केले आणि त्यातली रेनबोची रात्र निवडली. आपल्याला चार जमणार नाहीत, पण नांदेडला एक आणि संभाजीनगरला एक, एवढं जमतं. तार तुटली, गाणारा शब्द विसरला, तरी हाताशी दुसरी रात्र असते.

आणि घरी बसून ते फार धुऊन काढू नका. गाण्यांमधला गोंगाट कापला की उरतात एकामागून एक लावलेली सुटी गाणी. शेवटच्या गाण्यानंतरही रेकॉर्डर लगेच बंद करू नका, पाच मिनिटं चालू द्या. त्या गाद्यांच्या कार्यक्रमात टाळ्या विरल्यावर मागून काकांचा आवाज आला आहे, "चला रे पोरांनो, गाद्या उचला आता." तो आम्ही शेवटच्या ट्रॅकवर तसाच ठेवला.