ऑइलचा स्विच बदलायचाय? पाना हातात घेण्याआधी एवढं करून ठेवा

गाडी सपाट जागेवर लावा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा आणि ऑइलची पट्टी काढून बघा. तयारीतलं हे पहिलं काम, आणि सगळ्यात जास्त वेळा राहून जाणारंही हेच. तेलाच्या झारीचं चिन्ह असलेला लाल दिवा लागला की आपण आधी ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या स्विचला दोष देतो, कारण स्विच स्वस्तात येतो आणि इंजिनचं काम परवडत नाही. पण ऑइल खरंच कमी असेल, किंवा पंप थकला असेल, किंवा बेअरिंग झिजले असतील, तर नवा स्विच घातल्यावरही दिवा तसाच राहणार. गाडी चालू असताना हा दिवा कायमचा लागला, तर बाजूला घेऊन तिथेच इंजिन बंद करा. "गॅरेजपर्यंत दोनच किलोमीटर आहेत" म्हणून रेटू नका. टो करून न्या. ऑइलच्या दाबाशिवाय बेअरिंग जळायला दोन किलोमीटर पुरतात.

दुसरं काम वायर तपासण्याचं. जुन्या मारुती 800 सारख्या गाड्यांत ऑइलच्या दाबाचा काटा नसतो, नुसता दिवा असतो, आणि स्विचला एकच वायर येते. दाब नसताना स्विच आतून बॉडीशी जोडलेला असतो, त्यामुळे चावी ऑन केली की दिवा लागतो. इंजिन सुरू होऊन थोडासा दाब आला की जोड सुटतो आणि दिवा विझतो. म्हणून इंजिन बंद ठेवून चावी फक्त ऑन करा, आणि दिवा लागल्यावर स्विचवरची वायर काढून मोकळी धरा. दिवा विझला तर वायर ठीक आहे. विझलाच नाही तर वायर कुठेतरी सोलून बॉडीला टेकते आहे, मग स्विच आणून उपयोग नाही. उलट तक्रार असेल, म्हणजे चावी फिरवूनही दिवा लागतच नसेल, तर त्या वायरचं टोक इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा. आता लागला तर स्विच गेलाय किंवा त्याला बॉडीचा अर्थ (अर्थिंग) मिळत नाही. तरीही लागला नाही तर बल्ब, फ्यूज, वायर बघायची. जुन्या पद्धतीचं, पॉइंटचं इग्निशन असेल तर चावी फार वेळ ऑन ठेवू नका, कॉइल तापते. आणि गाडीत दिव्याऐवजी काटा असेल तर वायर टेकवण्याचा प्रयोग करूच नका. तिथे स्विच नसून दाबाप्रमाणे रेझिस्टन्स बदलणारा सेंडर असतो आणि तो त्याच मीटरच्या जोडीचा लागतो.

दिवा फक्त गरम इंजिनवर, आयडलिंगला लुकलुकत असेल, तर मी स्वतः दाब मोजल्याशिवाय पुढे जात नाही. स्विचच्या जागी साधा प्रेशर गेज लावायचा, इंजिन चांगलं गरम करायचं आणि वाचन घ्यायचं. दर हजार आर.पी.एम.ला साधारण 10 पी.एस.आय., म्हणजे चौरस सेंटीमीटरला 0.7 किलो, हा जुना ठोकताळा आहे. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला धरा. दाब बरोबर आला तर निर्धास्तपणे स्विच बदला. स्विचच्या पत्र्याच्या जोडातून ऑइल पाझरून वायरचं टोक ओलं झालं असेल, तर मात्र त्याचं वय झालं हे उघडच आहे.

आता वस्तू आणण्याचं. उद्यमनगरसारखी कारखान्यांची आणि सुट्या भागांची वस्ती हाताशी असणं हे कोल्हापूरकराचं भाग्य आहे. गेज, अडॅप्टर, डीप सॉकेट, सगळं एका फेरीत मिळतं, आणि आटे गेले तर टॅप मारून पुन्हा पाडून देणारा टर्नरही तिथेच. पण जाताना जुना स्विच नमुना म्हणून खिशात हवा. म्हणजे तो आधी काढावा लागणार आणि गाडी जागेवर उभी राहणार. तेव्हा दुचाकीची सोय करून ठेवा, आणि उघड्या भोकात कचरा जाऊ नये म्हणून स्वच्छ रबरी बूच तयार ठेवा. चिंधी कोंबू नका, धागे आत राहतात.

नमुन्यावर मी एवढा भर देतो त्याचं कारण आटे. पाइपच्या मापाने 1/8 इंची म्हणतात ते आटे (प्रत्यक्षात जाडी दहा मिलिमीटरच्या आसपास) दोन जातींचे मिळतात. ब्रिटिश पद्धतीच्या बी.एस.पी.टी.ला इंचाला 28 आटे, अमेरिकन एन.पी.टी.ला 27. तिसरा एम 10 गुणिले 1, तोही जवळपास तेवढ्याच जाडीचा. टेबलावर ठेवले तर डोळ्यांना फरक कळत नाही. चुकीचा स्विचही पहिले दोन फेरे हाताने बसतो, मग जड लागतो, आपण पाना लावतो आणि इंजिनच्या ब्लॉकमधले आटे जातात. दुकानातच थ्रेड गेज, म्हणजे आटे मापायची दातेरी पट्टी, लावून घ्या, किंवा जुना आणि नवा एकमेकांना चिकटवून उजेडात धरा. आटे आट्यांत पूर्ण बसले पाहिजेत, मध्ये फट दिसता कामा नये.

स्विच बहुतेक ऑइल फिल्टरच्या आसपास ब्लॉकमध्ये असतो. हात वरून जातो की खालून, ते आदल्या दिवशीच बघा. खालून जात असेल तर नुसत्या जॅकवर गाडी ठेवून आत शिरू नका. घोडी (जॅक स्टँड) लावा, मागच्या चाकांना दगड लावा. सॉकेट गाडीप्रमाणे 24 किंवा 27 चा लागतो, आणि तो स्विचच्या षटकोनावरच बसवायचा, वरच्या डब्याला पकड लावायची नाही. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. याशिवाय ट्रे, चिंध्या, वायरचं टोक घासायला बारीक पॉलिश पेपर, आणि वायरवरचं रबरी टोपण फाटलं असेल तर नवीन. आपल्याकडच्या पावसात ते टोपण हवंच. ऑइल काढून टाकायची गरज नसते. इंजिन बंद असताना तिथे दाब नसतो, फार तर अर्धा कप गळतं. ते गटारात ओतू नका. जयंती नाल्यातून ते पंचगंगेतच जाणार. डब्यात साठवा आणि गॅरेजच्या पिंपात द्या.

टेफ्लॉन टेपबद्दल. माझ्या गाडीत मागे एका ठिकाणी स्विच बसवताना टेपचे इतके वेढे दिले होते की स्विचला बॉडीचा अर्थच मिळेना. दिवा लागत नव्हता, म्हणून सगळं ठीक आहे असं समजून मी कितीतरी दिवस गाडी चालवली, करूळ घाटही उतरून आलो. त्या काळात ऑइल संपलं असतं तरी मला कळलं नसतं. न लागणारा दिवा लागणाऱ्या दिव्यापेक्षा जास्त धोक्याचा, हे तेव्हा समजलं. नव्या स्विचच्या आट्यांवर सीलंट आधीच लावलेलं असेल तर वर काही लावू नका. तांब्याचा वॉशर असेल तर नवा वॉशर एवढंच पुरे. काहीच नसेल तर पहिला आटा सोडून द्रव सीलंटचा पातळ हात.

त्या दिवशी इंजिन कोमट असू द्या, बॅटरीची निगेटिव्ह काढा, नवा स्विच हाताने पूर्ण फिरवून मगच पाना लावा. अशा छोट्या स्विचला बऱ्याच गाड्यांत 12 ते 15 न्यूटन-मीटर एवढंच आवळणं पुरतं. निगेटिव्ह परत जोडा, सुरू करण्याआधी चावी ऑन करून दिवा लागतो ना ते बघा, सुरू केल्यावर काही सेकंदांत विझला पाहिजे. मग पन्हाळ्याला एक फेरी मारून या, आणि परत आल्यावर स्विचच्या बुडाला कोरडी पांढरी चिंधी फिरवून बघा.