लॅपटॉप स्लो झालाय? नवीन घ्यायच्या आधी हे करून बघा

आमच्याकडे कोणाचा लॅपटॉप अडकायला लागला की बिल्डिंगखाली दोनच सल्ले मिळतात, एक 'फॉरमॅट मार' आणि दुसरा 'भंगारात दे, नवीन घे', आणि नवीन घे म्हणणाऱ्याला विचारलं तर त्याचा स्वतःचा लॅपटॉप ऑफिसने दिलेला असतो. फॉरमॅट मारून फरक पडतो, नाही असं नाही, पण थोड्या दिवसांत परत जैसे थे, कारण जो पार्ट रडतोय तो तसाच आत बसलाय. तेव्हा आधी कोण रडतंय ते शोधा, तेवढाच पार्ट बदला, आणि त्यानेही भागलं नाही तर खुशाल नवीन घ्या, कोण अडवतंय.

शोधायला इंजिनियर लागत नाही. लॅपटॉप रीस्टार्ट करा. शटडाउन नाही हां, रीस्टार्ट, कारण विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असलं की शटडाउन पूर्ण होतच नाही, अर्धवट झोपतं ते. मग पाच मिनिटं हात लावू नका, आणि नंतर रोज जे जे उघडता ते सगळं उघडा, क्रोमच्या पंधरा-वीस टॅब, एक्सेल, टॅली, झूम, काय असेल ते. आता कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर येईल, त्यात परफॉर्मन्सवर जा आणि डावीकडची यादी नीट बघा.

डिस्कच्या समोर १०० टक्के दिसतंय, खाली यायचं नाव नाही, आणि तिथेच बारीक अक्षरात एचडीडी, म्हणजे जुनी फिरणारी हार्ड डिस्क, लिहिलंय, तर चोर सापडला, तिच्या जागी एसएसडी, म्हणजे काहीही न फिरणारी चिपवाली डिस्क, टाकायची. मेमरी ८५-९० टक्क्यांच्या वर चिकटून बसली असेल तर रॅम कमी पडतेय. दोन्ही एकदम वर असतील तर रॅम संपल्यामुळे विंडोज डिस्कवर सामान टाकतंय-उचलतंय, म्हणून डिस्कही दमलीय, अशा वेळी दोन्ही बदलायची तयारी ठेवा पण सुरुवात डिस्कपासून करा. आणि सीपीयू उगाचच १०० वर असेल तर प्रोसेसेसमध्ये जाऊन कोण खातंय ते बघा, बऱ्याचदा दोन-दोन अँटीव्हायरस एकमेकांच्या उरावर बसलेले असतात, एक लॅपटॉपसोबत आलेला आणि एक कोणा भाच्याने टाकून दिलेला. दोन्ही काढा, विंडोजचा स्वतःचा डिफेंडर घरच्या वापराला पुरतो.

अजून एक गोष्ट तिथेच दिसते जी फार कमी लोकं बघतात. सीपीयूवर क्लिक केलं की खाली स्पीड आणि बेस स्पीड असे दोन आकडे असतात. काम चालू असताना बेस स्पीड १.६ आणि प्रत्यक्ष स्पीड मात्र ०.८ च्या आसपास अडकलेला दिसला तर प्रोसेसर गरम होऊन स्वतःच हळू चाललाय, किंवा चार्जर डुप्लिकेट आहे, त्याची पॉवर कमी आहे. इथे एसएसडी टाकून काही होणार नाही, पंखा साफ करून थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर काढायला मदत करणारा लेप, बदलून घ्या किंवा बरोबर वॉटचा चार्जर लावा.

मेमरीवर क्लिक करून त्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवा. किती स्लॉट वापरलेत, स्पीड किती, फॉर्म फॅक्टर म्हणजे आकार काय, सगळं तिथे लिहिलेलं असतं. दुकानात 'लॅपटॉपची रॅम द्या' म्हणून उभं राहणाऱ्याला काहीही चिकटवता येतं, फोटो दाखवणाऱ्याला नाही.

आता डिस्क. लॅपटॉपची जुनी फिरणारी हार्ड डिस्क फार तर सेकंदाला १००-१५० एमबी वाचते, आणि तेही एक मोठी फाइल सलग असेल तर. विंडोज चालू होताना हजारो बारीक फाइली इकडून तिकडून उचलाव्या लागतात, तिथे तिची पार वाट लागते. एसएसडी दोन जातीच्या, साटा म्हणजे जुन्या पद्धतीच्या जोडणीची आणि एनव्हीएमई म्हणजे नव्या, वेगवान जोडणीची. साधी साटा एसएसडी ५५० च्या आसपास जाते, जेन थ्री, म्हणजे तिसऱ्या पिढीची, एनव्हीएमई ३५०० पर्यंत. पण ३५०० बघून लगेच लाळ गाळू नका, रोजच्या कामात साटा काय आणि एनव्हीएमई काय, हार्ड डिस्कवरून आलेल्या माणसाला दोन्ही सारखेच पळतायत असं वाटतं. जुन्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटाच बसणार असेल तर तीच घ्या, रडू नका.

खरा झोल एम डॉट टूमध्ये (एसएसडीच्या बारक्या पट्टीत) आहे. एम डॉट टू हा फक्त आकार आहे, त्याच आकारात साटाची पण एसएसडी येते आणि एनव्हीएमईची पण, आणि काही लॅपटॉपचा स्लॉट दोन्हीपैकी एकच घेतो. दुकानदार म्हणेल 'बसेल बसेल', बसते पण, फक्त लॅपटॉपला दिसत नाही. त्यातून वर २२८०, २२४२ असे आकडे, म्हणजे रुंदी २२ मिलिमीटर आणि लांबी ८० किंवा ४२. छोट्या स्लॉटला लांब एसएसडी आणली तर स्क्रू मारायला जागाच नाही. म्हणून लॅपटॉप उलटा करा, खालच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर घ्या, नुसतं 'अमुक कंपनीचा आय फाइव्ह' नको, आणि त्या नंबरचं सर्व्हिस मॅन्युअल शोधा. बहुतेक कंपन्या ते फुकट देतात, त्यात स्लॉट, रॅम, स्क्रू, सगळं चित्रांसकट असतं.

रॅमला हेच नियम, फक्त जास्त कडक. डीडीआर थ्री, फोर, फाइव्ह एकमेकांच्या जागी बसत नाहीत, खाच वेगळ्या ठिकाणी असते, जोर लावाल तर स्लॉट तुटेल. डीडीआर थ्रीमध्ये पण एक उपप्रकार आहे, डीडीआर थ्री एल, तो १.३५ व्होल्टवर चालतो आणि साधी १.५ वर. इंटेलच्या चौथ्या जनरेशनपासून पुढच्या डीडीआर थ्रीवाल्या लॅपटॉपना सहसा एल वालीच लागते, साधी टाकली की काळी स्क्रीन. आणि पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डलाच सोल्डर केलेली असू शकते, तिथे विषयच संपला. आठ जीबीची एक काठी, म्हणजे रॅमची पट्टी, असेल आणि दुसरा स्लॉट रिकामा असेल तर तशीच आठची अजून एक टाका, दोन चॅनल चालतात, म्हणजे दोन्ही काठ्यांकडून एकदम डेटा येतो, ज्यांच्या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक कार्ड नाही त्यांना फरक डोळ्याला दिसतो. फक्त रॅमचे भाव २०२५ च्या शेवटापासून चढलेत, कंपन्या एआयच्या सर्व्हरसाठी माल वळवतायत, त्यामुळे 'बाकी पडू दे, बत्तीस टाकून घेऊ' असला दानशूरपणा सध्या नको. ब्राउझर, ऑफिस आणि मुलांचा अभ्यास एवढ्याला सोळा खूप झाली.

एक प्रश्न हमखास येतो, विंडोज टेन बंद झालं ना, मग खर्च कशाला. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला हे खरं. पण लॅपटॉप त्या दिवशी मेला नाही. इंटेलची आठवी जनरेशन किंवा पुढची आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) असेल तर विंडोज इलेव्हन अधिकृतपणे चढतं, चढवा. त्याच्या आधीचा असेल तर मायक्रोसॉफ्टच्या एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट योजनेत नाव नोंदवलं की ऑक्टोबर २०२६ पर्यंत सोय आहे, नाहीतर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टिम टाका. बाबांना यूट्यूब, मेल आणि लाइट बिल एवढंच करायचं असेल तर त्यांना आठवड्यात कळणारही नाही की खाली विंडोज नाहीये. टॅली किंवा सरकारी डिजिटल सिग्नेचरवालं काम असेल तर मात्र मिंटच्या नादी लागू नका, डोक्याला शॉट आहे.

खरेदीला अर्थात मुंबईचा लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलंय, पण रिक्षा तिकडे नाहीतच आणि टॅक्सीवाल्याला ते नाव सांगितलंत तर तो तुमच्याकडेच बघत बसेल. ग्रँट रोडला ईस्टला उतरा आणि चालत जा, आता भुयारी मेट्रोचंही ग्रँट रोड स्टेशन झालंय, त्यामुळे पश्चिम रेल्वेच्या गर्दीचं कारण चालणार नाही. रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर खाली असतात. जायच्या आधी ऑनलाइन भाव बघून स्क्रीनशॉट घ्या, भाव कमी करून घेण्यापेक्षा समोरच्याला कळावं की याला माहितीये म्हणून. आणि पहिल्या दुकानात घेऊ नका, कितीही गोड बोलला तरी. दोन-तीन गाळे फिरा, वरच्या मजल्यावरचे पण.

मग तो ठरलेला प्रश्न येतो, 'बिल चाहिए क्या?' बिलाशिवाय घेतलं की १८ टक्के जीएसटी वाचतो असं दाखवतात आणि आपल्यालाही तेवढ्यापुरतं बरं वाटतं. घेऊ नका. एसएसडीला तीन किंवा पाच वर्षांची वॉरंटी असते, ती कंपनी देते, दुकानदार नाही, आणि कंपनी बिल मागते. बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या, तिथेच उभं राहून बॉक्सवरचा नंबर आणि आतल्या पार्टवरचा नंबर जुळवा, आणि कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी भारतात चालू दिसतेय का बघा. याला दोन मिनिटं लागतात. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे. 'साहेब, इतनी शंका?' म्हटला तर हसायचं आणि नंबर टाइप करत राहायचं. फूटपाथवर दोन टीबीचा पेनड्राइव्ह काहीशे रुपयांना दिसला तर तिकडे बघूही नका, आतमध्ये छोटी चिप असते आणि दोन टीबी असल्याचं खोटं सांगायला शिकवलेली असते, फाइली कॉपी होताना दिसतात आणि उघडताना गायब.

घरी आल्यावर आधी बॅकअप, मग बाकी सगळं. फोटो आणि कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर किंवा गूगल ड्राइव्हवर गेली का, उघडतायत का, ते बघा. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू असेल तर रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून काढून कागदावर लिहा. विंडोज परत विकत घ्यावं लागेल ही भीती सोडा, डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असतं, नवीन डिस्कवर तेच एडिशन टाकून नेट लावलं की आपोआप ॲक्टिव्हेट होतं. जुन्या डिस्कचं क्लोन, म्हणजे जशीच्या तशी कॉपी, करण्यापेक्षा नवीन इन्स्टॉलेशन करा असं माझं मत, सात वर्षांचा कचरा नवीन घरात कशाला न्यायचा.

उघडताना घाई नको. चार्जर काढा, शटडाउन करा, यावेळी शिफ्ट दाबून ठेवून शटडाउन, म्हणजे पूर्ण बंद होईल. खालचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, लांब स्क्रू आखूड जागी फिरवला तर वरून कीबोर्डकडे पुटकुळी येते. कागदावर लॅपटॉपचा चौकोन काढा आणि जो स्क्रू जिथला तिथेच सेलोटेपने चिकटवा. एखादा स्क्रू रबराच्या पायाखाली लपलेला असतो, झाकण निघत नसेल तर जोर लावायच्या आधी तो शोधा. झाकण सोडवायला जुनं मेट्रो कार्ड मस्त, स्क्रू ड्रायव्हरने उचकटलं की कडेला कायमचे ओरखडे. आत गेल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढणं. रॅमची काठी तिरपी घुसवायची, सोनेरी पट्टी जवळपास दिसेनाशी झाली पाहिजे, मग खाली दाबायची, दोन्ही बाजूच्या क्लिपा टक करून लागल्या की झालं. एकच क्लिप लागली असेल तर परत काढा. एम डॉट टू पण तशीच तिरपी जाते, शेवटचा बारका स्क्रू चुंबकवाल्या ड्रायव्हरनेच लावा, फरशीवर पडला की मुंगीसुद्धा शोधून देणार नाही. डीडीआर फाइव्ह रॅम बदलल्यावर पहिल्यांदा चालू करताना काही मिनिटं काळी स्क्रीन राहू शकते, ती स्वतःला जुळवून घेत असते, घाबरून बटण दाबत बसू नका.

डेस्कटॉपवाल्यांसाठी थोडक्यात. चार स्लॉटच्या बोर्डवर दोन काठ्या सहसा प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्यात. कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका, तळमजल्यावर राहत असाल तर अजिबात नको. पावसाळ्यात खूप दिवस बंद असलेला पीसी चालू होत नसेल आणि नुसता बीप मारत असेल तर रॅम काढून सोनेरी पट्टी खोडरबराने हलक्या हाताने पुसा, आपल्या दमट हवेत त्यावर थर चढतो, अर्ध्या 'मेलेल्या' पीसी इथेच उठतात. ब्लोअरने धूळ काढताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, गरगर फिरवायची मजा घेऊ नका. आणि कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येत असतील तर पीसीला नावं ठेवू नका, घराचं अर्थिंग गेलंय, वायरमन बोलवा, तोपर्यंत त्याच्यावर काम नको.

उरली जुनी हार्ड डिस्क. धडधाकट असेल तर साटा ते यूएसबीची केस काहीशे रुपयांत मिळते, त्यात घालून बॅकअपला वापरा. भंगारवाल्याला किंवा ओएलएक्सवर देणार असाल तर फॉरमॅट करताना क्विक फॉरमॅटची टिक काढा, (सी, डी असे भाग असतील तर प्रत्येकाला), म्हणजे विंडोज त्या पूर्ण भागावर शून्य लिहितं आणि तुमचं आधार, पॅन, लग्नाचे फोटो कोणाला काढता येत नाहीत. एक टीबीला काही तास लागतात, चार्जर लावून झोपून जा.