लिनक्सचं ट्युटोरियल वापरताना या चुका टाळा

दिवाळीच्या सुट्टीत शेजारच्या काकांनी लॅपटॉप आणून समोर ठेवला. त्यावर मिंट २२, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार (अशा प्रकाराला डिस्ट्रो म्हणतात), नुकतंच टाकलेलं. एका ट्युटोरियलमधल्या चार ओळी त्यांनी जशाच्या तशा टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, चिकटवल्या होत्या, आणि तेव्हापासून अपडेट मॅनेजर उघडला की एकच तक्रार यायची: अमुक रिपॉझिटरीला (जिथून सॉफ्टवेअर उतरतं त्या सर्व्हरवरच्या साठ्याला) रिलीज फाइल नाही. "परत सगळं फॉरमॅट करावं लागणार का रे?" काकांचा चेहरा उतरला होता.

फॉरमॅट करण्यासारखं काहीच नव्हतं. ट्युटोरियल बरोबर होतं, फक्त ते उबंटूसाठी, म्हणजे ज्यावर मिंट उभं आहे त्या डिस्ट्रोसाठी, लिहिलेलं होतं. त्यातली एक कमांड सिस्टीमचं टोपणनाव विचारून ते रिपॉझिटरीच्या पत्त्यात घालते. उबंटू २४.०४ वर उत्तर येतं 'नोबल', मिंट २२ वर 'विल्मा'. त्या सर्व्हरवर विल्मा नावाचं फोल्डरच नाही, म्हणून ती तक्रार. रिपॉझिटरीच्या फाइलमध्ये विल्माच्या जागी नोबल लिहिलं, पुन्हा अपडेट चालवलं, काम झालं. आपल्या मिंटखाली कोणतं उबंटू आहे ते 'ओएस-रिलीज' या फाइलमधल्या 'उबंटू कोडनेम'च्या ओळीत दिसतं. लक्षात ठेवायला सोपं आहे: मिंट २० म्हणजे उबंटू २०.०४, मिंट २१ म्हणजे २२.०४ आणि मिंट २२ म्हणजे २४.०४. मिंटची थेट डेबियन या दुसऱ्या डिस्ट्रोवर उभी असलेली आवृत्ती मात्र या हिशोबात बसत नाही.

ट्युटोरियल ही कुणीतरी आपल्या मशीनवर, एका ठरावीक आवृत्तीवर केलेल्या कामाची नोंद असते. लोक रात्री जागून, विनामोबदला ती लिहून ठेवतात आणि मला त्याचं फार मोल वाटतं. म्हणूनच ती चुकीच्या जागी वापरून "लिनक्स बेकार आहे" असं कुणी म्हणालं की वाईट वाटतं.

आवृत्ती न पाहता सुरुवात करणं

ही सगळ्यात मोठी चूक. उबंटूच्या आकड्यातच साल आणि महिना असतो: २२.०४ म्हणजे एप्रिल २०२२. ट्युटोरियलमध्ये हा आकडा शोधा. वर छापलेल्या तारखेवर जाऊ नका, कारण जुना मजकूर नव्या तारखेने पुन्हा टाकलेला असू शकतो.

जुनी सूचना नव्या सिस्टीमवर कुठे अडते, त्याच्या ठरलेल्या जागा आहेत. आवाज येत नाही म्हणून पल्सऑडिओच्या (आवाज सांभाळणाऱ्या जुन्या प्रोग्रामच्या) फाइली बदलायला सांगितल्या असतील, तर आधी थांबा. फेडोरा या डिस्ट्रोत ३४ पासून (२०२१) आणि उबंटू २२.१० पासून ते काम पाइपवायर हा नवा प्रोग्राम करतो, त्यामुळे त्या फाइली बदलून हाती काही लागत नाही. कीबोर्डची बटणं बदलायला 'एक्समोडमॅप' किंवा आपोआप क्लिक करायला 'एक्सडूटूल' सांगितलं असेल, तर तुमचं सेशन (लॉगिननंतर चालू होणारा डेस्कटॉप) वेलँड आहे की एक्स११ ते बघा; स्क्रीनवर खिडक्या दाखवायच्या या अनुक्रमे नव्या आणि जुन्या पद्धती. उबंटूत २१.०४ पासून सहसा वेलँडच चालू होतं आणि ही दोन्ही साधनं एक्स११ची आहेत. उबंटू २४.०४ मध्ये रिपॉझिटरींची यादी असलेली 'सोर्सेस डॉट लिस्ट' उघडलीत तर ती जवळजवळ रिकामी दिसेल. घाबरू नका, मजकूर 'उबंटू डॉट सोर्सेस' नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये गेलाय.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेचं तर हमखास होतं. जुनं ट्युटोरियल 'सुडो पिप इन्स्टॉल' सांगतं (सुडो म्हणजे ॲडमिनच्या अधिकारात चालवणं, पिप म्हणजे पायथनची पॅकेजं टाकणारा प्रोग्राम). डेबियन १२ (२०२३) आणि त्यानंतरच्या सिस्टीमवर पिप ठाम नकार देतो: हे एन्व्हायर्नमेंट बाहेरून सांभाळलं जातंय. त्याच संदेशात तो नकार मोडून काढायचा पर्यायही लिहिलेला असतो, आणि घाईत लोक नेमका तोच उचलतात. त्या पर्यायाचं नावच 'सिस्टीम पॅकेजेस मोडा' असं आहे. सिस्टीमची स्वतःची कित्येक साधनं त्याच पायथनवर चालतात. तिथे प्रत्येक प्रोग्राम वेगळा ठेवणारं 'पिपएक्स' वापरा किंवा वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (सिस्टीमपासून अलग अशी पायथनची जागा) करा.

मराठी टायपिंगची जुनी कृती

हा विषय आपल्या घरचा, म्हणून जरा थांबून सांगतो. आयबस (वेगवेगळ्या भाषांत टाइप करू देणारा प्रोग्राम) आणि त्याचं एम१७एन हे पॅकेज टाकलं की मराठीसाठी इनस्क्रिप्ट, आयट्रान्स, फोनेटिक असे पर्याय मिळतात. पॅकेज टाकूनही यादीत मराठी दिसत नाही, ही तक्रार मी कितीतरी वेळा ऐकली आहे. बहुतेक वेळा लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करणं एवढंच राहिलेलं असतं, आणि ट्युटोरियल लिहिणाऱ्याने ती पायरी गृहीत धरलेली असते. नोम या डेस्कटॉपमध्ये त्यानंतर सेटिंग्जच्या कीबोर्ड विभागात इनपुट सोर्स जोडायचा.

केडीई प्लाझ्मा हा डेस्कटॉप वेलँडवर असेल तर गोष्ट वेगळी. जुनी ट्युटोरियलं प्रोफाइल फाइलमध्ये 'आयएम मॉड्यूल'च्या दोन-तीन ओळी घालायला सांगतात. एक्स११वर ते ठीक होतं. इथे मात्र सिस्टीम सेटिंग्जमध्ये व्हर्च्युअल कीबोर्ड या विभागात जाऊन 'आयबस वेलँड' निवडायचं आणि त्या जुन्या ओळी काढून टाकायच्या. व्हर्च्युअल कीबोर्ड हे नाव वाचून कुणालाही वाटेल की हे टचस्क्रीनचं आहे. म्हणूनच ही पायरी नीट लिहून ठेवणाऱ्याचे आभार मानावेसे वाटतात.

'होय' आधीच देऊन टाकणं

पुष्कळ ट्युटोरियलांत इन्स्टॉलच्या कमांडला शेवटी उणे वाय लावलेला असतो. त्याचा अर्थ, एपीटी (उबंटू-डेबियनवर पॅकेजं टाकणारा-काढणारा प्रोग्राम) जे काही विचारेल त्याला माझं होय. ते वाय काढून कमांड चालवा, ही माझी कळकळीची विनंती. एपीटी काम सुरू करण्याआधी काय नवीन येणार आणि काय काढलं जाणार, दोन्ही याद्या दाखवतो. दुसरी यादी वाचायचीच.

२०२१ मध्ये पॉप ओएस या डिस्ट्रोवर पॅकेजांच्या एका गफलतीमुळे स्टीम हा गेमांचा प्रोग्राम टाकायला गेलं की डेस्कटॉपच काढला जात होता. एपीटीने तेव्हाही इशारा दिला होता आणि "येस, डू ॲज आय से!" हे अख्खं वाक्य टाइप करायला लावलं होतं. एक प्रोग्राम टाकताना पन्नास पॅकेजं निघणार असं दिसलं तर 'नाही' म्हणा आणि शोध घ्या. एपीटी असं वाक्य टाइप करायला लावत असेल तर हात कीबोर्डवरून उचला.

डी ड्राइव्हवर लिहिता येत नाही म्हणून ७७७

विंडोज आणि लिनक्स शेजारी-शेजारी असलेल्या मशीनवर हे नेहमीचं दुखणं. डी ड्राइव्ह उघडतो, फाइली दिसतात, पण नवीन काही सेव्ह होत नाही. 'चमॉड ७७७' (फाइल कुणालाही वाचायला, बदलायला आणि चालवायला मोकळी करणारी कमांड) चालवा असा सल्ला सर्रास मिळतो. बहुतेक वेळा खरं कारण विंडोजचं फास्ट स्टार्टअप असतं. त्यात विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपतं, डिस्क मोकळी सोडत नाही, आणि लिनक्स ती फक्त वाचण्यापुरती जोडतं. विंडोजमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा, पूर्ण शटडाउन करा, मग लिनक्समध्ये या. परवानग्यांना हात लावायची गरजच पडत नाही.

तीच ७७७ची कमांड चुकून मूळ फोल्डरपासून खालपर्यंत चालली तर 'सुडो' काम करणं थांबवतो, कारण त्याच्या फाइली कुणालाही बदलता येतील अशा अवस्थेत तो चालायला नकार देतो. मग टाइमशिफ्ट या बॅकअपच्या प्रोग्रामने घेतलेला सिस्टीमचा स्नॅपशॉट असेल तर ठीक, नाहीतर सिस्टीम नव्याने टाकणंच सोयीचं. टाइमशिफ्ट मिंटमध्ये आधीपासून असतं. ते सिस्टीम सांभाळतं, तुमचं होम फोल्डर मात्र आपणहून धरत नाही, म्हणून फोटो आणि कागदपत्रांची प्रत वेगळी ठेवा.

वायफायसाठी तीन ट्युटोरियलं एकाच संध्याकाळी

पहिल्याने जमलं नाही, म्हणून दुसरं, मग तिसरं. आता तिन्हींचे अवशेष सिस्टीमवर आहेत आणि कशाने काय झालं ते कळत नाही. एक करून पाहा, जमलं नाही तर ते मागे घ्या, मगच पुढचं. ड्रायव्हर हाताने कंपाइल केलेला (मूळ कोडपासून बांधलेला) असेल आणि कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, अपडेट झाल्यावर वायफाय गायब झालं असेल, तर तो डीकेएमएसमधून टाका, म्हणजे नव्या कर्नलसाठी तो आपोआप पुन्हा बांधला जाईल. ड्रायव्हर बसला पण लोड होत नाही, की रिजेक्ट झाल्याचा संदेश येतो? तर सिक्युअर बूट (सही नसलेले ड्रायव्हर अडवणारी सोय) चालू आहे का ते आधी बघा.

कॉपी करताना ओळीच्या सुरुवातीचं डॉलरचं चिन्ह सोबत घेऊ नका. दोन उणे चिन्हांची एक लांब रेघ झाली असेल तर तिच्या जागी ती दोन चिन्हं स्वतः टाइप करा.

चांगलं ट्युटोरियल कसं ओळखायचं

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे पाठ ऐका. साधारण दहा-दहा मिनिटांचे, मराठीतही उपलब्ध. सुरुवातीलाच काय शिकणार, कोणती सिस्टीम आणि आवृत्ती वापरली आहे, आधी काय यायला हवं, हे सांगतात. थांबवायचं, स्वतः करायचं, पुढे जायचं. बॅशचे (टर्मिनलमधल्या कमांडच्या भाषेचे) काही पाठ उबंटू १२.०४ वर केलेले आहेत, तरी खुशाल वापरा. फाइल कॉपी करणं, शोधणं, लूप लिहिणं यात फारसं काही बदललेलं नाही. सेटिंग्जच्या खिडक्या दाखवणारा तितकाच जुना पाठ मात्र सोडून द्या.

आर्च या डिस्ट्रोचं विकी आर्च न वापरणाऱ्यांनीही वाचावं. तिथे कमांडच्या आधी कारण दिलेलं असतं. पॅकेजांची नावं आणि पॅकमॅनच्या (एपीटीचं काम आर्चवर करणाऱ्या प्रोग्रामच्या) ओळी तेवढ्या आपल्या डिस्ट्रोप्रमाणे बदलायच्या. कमांड काय करते, झालं की काय दिसायला हवं आणि मागे कसं यायचं, ही तीन उत्तरं ज्या लिखाणात आहेत ते माझ्या मते उत्तम. तिसरं उत्तर क्वचित दिसतं. ते दिसलं की मी ती कृती वहीत उतरवून ठेवतो.

आणि असं लिखाण कामी आलं तर लिहिणाऱ्याला दोन ओळी नक्की कळवा. डिस्ट्रो आणि आवृत्ती, डेस्कटॉप कोणता, सेशन वेलँड की एक्स११, आणि कोणत्या पायरीला तुम्हाला वेगळं काय करावं लागलं. काकांनी त्या चार ओळींच्या ट्युटोरियलखाली "मिंट २२ वर विल्माच्या जागी नोबल लिहा" असं लिहिलं, तेव्हा दोन दिवसांत लिहिणाऱ्याने ती टीप मूळ मजकुरातच घेतली.