वजन उतरवण्यासाठी नियमित चालणे: कोकणपट्टीत राहणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

वाडीतून बाजारात उतरायचे तर पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट), पलीकडच्या गावी जायचे तर सडा (जांभ्याचे उघडे पठार) आणि परतताना पुन्हा घाटी, अशी चाल कोकणातल्या माणसाला दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत रोजच पडत असे आणि तिला व्यायाम म्हणावे असे कोणाच्या मनातही येत नसे. आता दुचाकी अंगणातून निघते आणि दुकानाच्या पायरीशी थांबते, रिक्षा वाडीपर्यंत येते, मात्र भाताचे वाढप बहुतेक घरांत जुन्याच मापाचे राहिले आहे. त्यामुळे वजन उतरवण्यासाठी चालायचे ठरवणाऱ्याने ती मोडलेली सवय पुन्हा, आणि या वेळी वेळापत्रक आखून, लावून घ्यायची असते. चालणे सोपे असते. चिपचिपीत उन्हाळा, चार महिन्यांचा पाऊस आणि घटकेघटकेला बदलणारा समुद्रकिनारा यांतून ते अखंड चालू ठेवणे अवघड असते, आणि त्याचाच विचार आधी करावा लागतो.

अपेक्षा किती ठेवावी

सुमारे ७० किलो वजनाची व्यक्ती सपाट रस्त्यावर एक किलोमीटर चालली, तर साधारण ५० कॅलरी खर्च होतात. तेवढा वेळ ती नुसती बसून राहिली असती तरी त्यातील काही कॅलरी खर्च झाल्याच असत्या, म्हणून चालण्याच्या खात्यावर निव्वळ ३५ च्या आसपास धराव्यात. रोज ४ किलोमीटर आणि आठवड्यातून सहा दिवस चालल्यास आठवड्याला सुमारे ८४० कॅलरी होतात. शरीरावरील एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी, हे लक्षात घेतले तर जेवणात काहीही बदल न करता केवळ चालून एक किलो उतरायला दोन महिन्यांहून थोडा अधिक काळ लागेल. हा हिशेब निराश करणारा वाटला तरी सुरुवातीलाच माहीत असलेला बरा, कारण पंधरा दिवसांत काटा हलला नाही म्हणून चालणे सोडून देणारे लोक गावोगाव दिसतात. त्याच चालण्याला रोज ३०० कॅलरींनी हलक्या ताटाची जोड मिळाली, तर महिन्याला दीड किलोपर्यंतची घट वाजवी धरता येते. शिवाय रक्तातील साखर, रक्तदाब आणि झोप यांवर चालण्याचा चांगला परिणाम होतो आणि त्यासाठी वजन उतरण्याची वाट पाहावी लागत नाही.

सुरू करण्यापूर्वी

पहिल्या दिवशी वजन आणि कंबर अशा दोन नोंदी वहीत कराव्यात. वजन सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी आणि नेहमी एकाच काट्यावर करावे. पुढे ते आठवड्यातून एकदाच पाहावे, कारण रोजचा चढउतार हा बहुतेक पाण्याचा आणि मिठाचा असतो. आदल्या रात्री सुक्या मासळीचे जेवण झाले असेल, तर सकाळी काटा थोडा वर दिसणे स्वाभाविक आहे. कंबर मोजताना टेप सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचे वरचे टोक यांच्या बरोबर मध्यावर धरावी, श्वास सहज बाहेर सोडावा, पोट आत ओढू नये आणि टेप कातडीत रुतू देऊ नये. आपल्याकडील पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानली जाते. चालणाऱ्यांच्या बाबतीत कंबर अनेकदा वजनाच्या आधी उतरते, आणि ज्याच्याकडे ही दुसरी नोंद नसते त्याला ते कळतच नाही.

हृदयविकार, चालताना छातीत दुखणे वा दम लागणे, गुडघ्यांची जुनी झीज किंवा इन्सुलिनवर असलेला मधुमेह यांपैकी काही असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. मधुमेह असणाऱ्यांनी वाळूत अनवाणी चालू नये. तळव्याची जाणीव कमी झालेली असल्यास शिंपल्याने कापलेलेही समजत नाही.

किती आणि कोणत्या गतीने

पहिले दोन आठवडे सपाट जागी १५ ते २० मिनिटे पुरेत. त्यानंतर दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवत ४५ मिनिटांपर्यंत जावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, आणि वजन उतरवायचे असेल त्याने यातील वरच्या आकड्याकडे झुकावे. एका वेळी ४५ मिनिटे मिळत नसतील, तर १५ मिनिटांचे तीन तुकडेही चालतात. त्यांपैकी एक रात्रीच्या जेवणानंतर ठेवल्यास जेवणाने वाढणारी रक्तातील साखर आटोक्यात राहण्यास मदत होते. रोज दहा हजार पावलांचे जे लक्ष्य सगळीकडे सांगितले जाते, ते १९६५ मध्ये जपानमध्ये विक्रीस आलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावातून रूढ झाले. तो आकडा वाईट नाही, पण तो गाठला नाही म्हणून दिवस फुकट गेला असे समजण्याचे कारण नाही.

गती मिनिटाला सुमारे १०० पावले असावी. घड्याळ लावून १५ सेकंदांत २५ पावले पडतात का, एवढे पाहिले तरी अंदाज येतो. घड्याळ नसेल तर याहून सोपी परीक्षा आहे: सोबत्याशी बोलता यावे, पण आरती सुरात म्हणता येऊ नये. गप्पांच्या ओघात चाल मंदावते, आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक ओळखीच्या माणसापाशी थांबून चौकशी करण्याची आपली रीत कितीही चांगली असली तरी या पाऊण तासात ती हात वर करण्यापुरती आवरावी.

किनाऱ्यावर चालायचे तर भरती-ओहोटी पाहून

गुहागरचा लांबलचक किनारा, दापोली तालुक्यातील मुरुड-कर्दे, रत्नागिरीजवळचे भाट्ये किंवा मालवण तालुक्यातील तारकर्ली यांसारखी पुळण हाताशी असेल, तर चालण्यासाठी त्याहून प्रशस्त जागा मिळणे कठीण आहे. मात्र तेथे जाण्याची वेळ समुद्र ठरवतो. ओहोटीनंतर उघडी पडलेली ओली वाळू घट्ट आणि जवळजवळ सपाट असते. टाच टेकल्यावर उथळ ठसा उमटतो आणि पाऊल सहज पुढे जाते. भरतीच्या वेळी चालायला वरची सुकी, भुसभुशीत वाळू तेवढी उरते. तिच्यात पाय रुततो आणि त्याच वेगाने चालायला जवळपास दुप्पट श्रम पडतात. वजन उतरवण्यासाठी हे लाभाचे वाटेल, पण नवख्याच्या पोटऱ्या आणि टाचेमागची शीर दोन दिवसांत धरते आणि पुढचे आठ दिवस घरी जातात. म्हणून पहिला महिना ओल्या वाळूवरच काढावा आणि मग सुक्या वाळूतील पाच मिनिटे मधे घालावीत. किनारा समुद्राकडे उतरता असल्याने एकाच दिशेने चालत राहिल्यास एका बाजूच्या गुडघ्यावर आणि कमरेवर अधिक भार येतो. जितके जावे तितकेच त्याच पट्ट्यावरून परतावे, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या होतात.

भरतीची वेळ काढण्याचा किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब येथे फार उपयोगी पडतो. त्या दिवशीच्या तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची घड्याळातील वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून पूर्ण ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी सव्वापाच ते साडेपाचच्या दरम्यान. तृतीयेला भरती सव्वादोनला आणि ओहोटी सव्वाआठ-साडेआठला. शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांना हिशेब एकच, कारण भरती रोज साधारण पन्नास मिनिटे पुढे सरकते. तो अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होऊ शकतो, तेव्हा छापील वा मोबाइलवरील तक्त्याशी एकदा पडताळून घ्यावा.

यावरून महिन्याचे वेळापत्रक आपोआप आखले जाते. पौर्णिमा आणि अमावास्येपासून चतुर्थीपर्यंत सकाळचे चालणे किनाऱ्यावर ठेवावे. सप्तमी ते दशमी सकाळी पाणी वर असते. या दिवसांत भांगाची भरती असल्याने ते फार चढत नाही, पण चालण्याजोगी घट्ट वाळू उरत नाही, म्हणून रस्ता किंवा पाखाडी धरावी. उरलेल्या दिवसांत किनाऱ्यावर पोहोचून पट्टा किती रुंद आहे ते पाहून ठरवावे. खाडीच्या मुखापाशी मात्र ओहोटी असली तरी वळून परत फिरावे. तेथील गाळात पाय खोल जातो आणि पाणी चढताना प्रवाह जोराचा असतो.

सडा, पाखाडी आणि रस्ता

किनारा नसलेल्यांना सड्यावरील वाट उत्तम, कारण ती सपाट, मोकळी आणि वाऱ्याची असते. पाखाडी चढताना श्रम अधिक होतात, तेव्हा ती सातव्या-आठव्या आठवड्यापासून घ्यावी आणि उतरताना गुडघे किंचित वाकवून, लहान पावलांनी उतरावे. गुडघ्यांना त्रास होतो तो बहुधा उतरताना. जांभ्याच्या गडग्यांलगत विषारी फुरशांचा वावर असतो, म्हणून पहाटे किंवा तिन्हीसांजेनंतर बॅटरी आणि बंद बूट यांशिवाय पाणंदीत शिरू नये. राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६६ च्या कडेने चालण्याचा मोह टाळावा. गावातील आतल्या रस्त्यावर समोरून येणारी वाहने दिसतील अशा उजव्या बाजूने चालावे.

मार्चपासून पाऊस लागेपर्यंत दमट हवेत घाम सुकत नाही आणि शरीर लवकर तापते, म्हणून सकाळी सातच्या आत किंवा संध्याकाळी ऊन उतरल्यावरच निघावे. पाणी आधी आणि नंतर प्यावे. कोकम प्यायचेच असेल तर आगळ (कोकमाचा बिनसाखरेचा रस) पाण्यात घालून प्यावे. अमृत कोकमाच्या एका पेल्यातील साखर एखाद्या किलोमीटरची कमाई पुसून टाकते. चालून झाल्यावर टपरीवर चहाबरोबर वडापाव खाणारे गट तर आपण सगळेच ओळखतो.

पावसाळ्यात खंड पडू नये म्हणून

जूनमध्ये पाऊस लागला की बहुतेकांचे चालणे बंद पडते आणि ते थेट गणपतीनंतर आठवते. म्हणून पावसाळ्याची जागा मे महिन्यातच ठरवून ठेवावी. घराला लांब पडवी असेल तर तीत, नाहीतर देवळाच्या सभामंडपात विश्वस्तांना विचारून, किंवा शाळेच्या व्हरांड्यात सुट्टीच्या वेळी फेऱ्या घालता येतात. दहा मीटरच्या पडवीत एका मिनिटात सात-आठ फेऱ्या होतात. कंटाळा येतो हे खरे, पण रेडिओ लावून वीस मिनिटे निघून जातात. दर पाच मिनिटांनी वळण्याची दिशा बदलावी. पाऊस उघडला की बाहेर पडावे, मात्र जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलेले असते, तेव्हा पाखाडी पावसाळाभर पूर्ण वर्ज्य करावी. समुद्र खवळलेला असताना आणि विशेषतः उधाणाच्या दिवसांत किनाऱ्यावर जाऊ नये, मग ओहोटीची वेळ कितीही सोयीची असो.

ताटाकडे

उपाशी राहण्याची गरज नाही. शिजलेल्या भाताच्या मध्यम वाटीत सुमारे २०० कॅलरी असतात, म्हणून दोन्ही वेळच्या जेवणात मिळून दीड वाटी भात कमी केला की ३०० चा हिशेब जमतो; उकड्या तांदळाचा भात असला तरी कॅलरींत फारसा फरक पडत नाही. ती जागा भाजी, कुळथाची पिठी आणि मासे यांनी भरावी. बांगडा रवा लावून तळण्याऐवजी त्याचे तिखले करावे. ओल्या खोबऱ्याच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० कॅलरी असल्याने वाटण निम्मे करावे आणि रोजच्या सोलकढीऐवजी काही दिवस नारळाच्या दुधावाचूनची फुटी कढी घ्यावी. मूठभर काजूगर म्हणजे सुमारे १७० कॅलरी, अर्थात जवळपास पाच किलोमीटर चालण्याची निव्वळ कमाई. आंब्याला मात्र उगाच दोष दिला जातो. मध्यम आकाराच्या एका हापूसमध्ये १०० च्या आसपास कॅलरी असतात, आणि जेवणानंतर वर न खाता भाताची अर्धी वाटी सोडून खाल्ला तर अडचण येत नाही. मधुमेह असणाऱ्यांनी हे प्रमाण डॉक्टरांशी बोलून ठरवावे.

वजन अडकले तर

दोन-तीन महिन्यांनी काटा एका जागी थांबतो, कारण हलके झालेले शरीर तेवढ्याच अंतराला कमी कॅलरी वापरते आणि ताटातली शिस्तही नकळत सैल झालेली असते. अशा वेळी आधी आठवडाभर खाल्लेले सगळे वहीत लिहून पाहावे. ते ठीक असेल तर अंतर वाढवण्याऐवजी आठवड्यातील दोन दिवस तीन मिनिटे झपाझप आणि दोन मिनिटे सावकाश अशा फेऱ्या घालाव्यात, किंवा घाटीचा एक चढ वाढवावा, आणि आणखी दोन दिवस घरी खुर्चीवरून हात न टेकता दहा-बारा वेळा उठबस करावी, म्हणजे मांड्यांचे स्नायू टिकतात. कंबर उतरत असेल तर वजनाची चिंता करू नये. सहा आठवडे वजन आणि कंबर दोन्ही जागच्या जागी राहिली, त्यासोबत थकवा, केस गळणे किंवा पायावर सूज असेल, तर थायरॉईडची तपासणी करून घ्यावी आणि चालू असलेल्या औषधांची यादी डॉक्टरांना दाखवावी, कारण काही औषधांनीही वजन वाढते.