मराठी सॉफ्टवेअर करताय? या चुका टाळा: पहाटेच्या दुधापासून आजऱ्याच्या ‘ऱ्या’पर्यंत

सकाळी सातला फोन वाजला. करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेचे सचिव. “साहेब, तुमचं ॲप म्हणतंय, एका माणसानं काल सकाळी दोनदा दूध घातलं आन् आज घातलंच नाही. अवो, मी सोता माप घेतलंय त्याचं!”

चूक आमचीच होती. आदल्या दिवशी तो पावणेसहाला आला होता, त्या दिवशी पाच वाजून दहा मिनिटांनी. सर्व्हर वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत ठेवत होता आणि आपली घड्याळं यूटीसीच्या साडेपाच तास पुढं. म्हणजे आपल्याकडं पहाटे ५:३० वाजत नाहीत तोवर सर्व्हरसाठी कालचाच दिवस चालू असतो. अहवालात आम्ही यूटीसीची तारीख तशीच उचलली होती. त्यामुळं साडेपाचच्या आधी दूध घालणारा प्रत्येक जण कालच्या खात्यात जाऊन बसला. दहा दिवसांचं बिल निघतं त्या तारखेला तर यातली काही मंडळी चक्क मागच्या, बंद झालेल्या बिलात गेली.

हे आम्हाला महिनाभर कळलं नाही, कारण आम्ही टेस्टिंग दुपारी बारा वाजता करत होतो. ‘टेस्ट वन’, ‘टेस्ट टू’ अशी नावं टाकून. डॉटनेट, जॅंगो, जावा, नोड, कुठलंही फ्रेमवर्क घ्या, मराठीला लागणाऱ्या बहुतेक सोयी त्यात कधीच्याच आहेत. आपण त्या चालू करत नाही, आणि इंग्रजी डेटा टाकून तपासतो म्हणून ते लक्षातही येत नाही. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका मी स्वतः केल्या आहेत.

साडेपाच तास हातानं मिळवू नका

वेळ यूटीसीत साठवणं बरोबरच आहे, ते बदलू नका. तारीख काढताना मात्र ‘एशिया/कोलकाता’ हा टाइमझोन लावूनच काढा. जॅंगोमध्ये नवा प्रकल्प सुरू केला की सेटिंगमध्ये यूटीसी लिहिलेलं येतं. ते बदला आणि आजची तारीख पायथनच्या साध्या फंक्शनऐवजी जॅंगोच्या टाइमझोन मोड्यूलमधून मागा. घाईत कुणीतरी क्वेरीत ‘अधिक ५ तास ३० मिनिटं’ लिहितं. पुढं दुसरा कुणीतरी टाइमझोन नीट लावतो, आणि संध्याकाळी सातचं दूध साडेपाच तास पुढं सरकून मध्यरात्रीनंतर, दुसऱ्या दिवसाच्या तारखेत उगवतं. नोंदी साडेपाच तास पुढं गेलेल्या दिसल्या तर दुसरीकडं शोधत बसू नका, साडेपाच दोनदा मिळवले गेलेत.

अक्षरं बिघडली? आधी कशी बिघडली ते बघा

‘मराठी दिसत नाही’ एवढ्या तक्रारीवरून काहीच करता येत नाही. स्क्रीनशॉट मागवा, रोग त्यातच दिसतो.

नुसती प्रश्नचिन्हं असतील तर बहुधा डेटा गेला. साठवतानाच तो रूपांतरात मेला, परत मिळणार नाही. एसक्यूएल सर्व्हरवर हे हमखास होतं. कॉलम ‘व्हारचार’ ठेवला तरी होतं आणि कॉलम मराठी मावणारा ‘एनव्हारचार’ असून क्वेरीतल्या मजकुराआधी ‘एन’ लावायचा राहिला तरी होतं. दुसरी चूक जास्त छळते, कारण टेबलाची रचना बघितली तर सगळं बरोबर दिसतं. क्वेरी पॅरामीटर वापरून लिहा, म्हणजे हा प्रश्नच येत नाही.

डोक्यावर टोप्या घातलेली रोमन अक्षरं आणि मधेमधे अगम्य चिन्हं दिसली तर घाबरू नका. यूटीएफ-८ या पद्धतीनं साठवलेला मजकूर कुणीतरी दुसऱ्याच पद्धतीनं (एन्कोडिंगनं) वाचतंय, मूळ बाइट बहुतेक वेळा शाबूत असतात. सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये डबलक्लिक करून उघडली की हेच होतं. फाइल लिहिताना सुरुवातीला बीओएम (एन्कोडिंग ओळखायची खूण) टाका, एक्सेल लगेच ओळखतं.

रिकाम्या चौकटी म्हणजे फॉण्ट नाही, डेटा ठीक आहे. वेलांटी भलतीकडं आणि जोडाक्षरं सुटी, म्हणजे ‘शिवाजी’चं ‘शविाजी’ झालं असेल, तर अक्षरजुळणी करणारं इंजिन मध्ये नाही. पीडीएफ बनवणाऱ्या साध्या लायब्रऱ्यांत हे नेहमीचं. एमपीडीएफमध्ये ही सोय आहे, पण फॉण्टच्या सेटिंगमध्ये ती चालू करावी लागते. आयटेक्स्टला त्यासाठी वेगळा ॲड-ऑन घ्यावा लागतो. आम्ही सरळ एचटीएमएल बनवतो आणि क्रोमकडून पीडीएफ छापून घेतो. जरा हळू चालतं, पण जोडाक्षर तुटत नाही.

आणि कोल्हापुरातला खास प्रकार म्हणजे जुन्या डीटीपीच्या फाइली. ग्राहक वीस वर्षांची सभासद यादी पेनड्राइव्हवर आणून देतो, वर्डमध्ये मराठी झकास दिसतं, कॉपी केलं की इंग्रजी कचरा. हे यूनिकोड नव्हेच. जुन्या फॉण्टांनी रोमन अक्षरांच्या जागी मराठी तुकडे बसवलेले असतात. कुठला फॉण्ट आहे ते आधी विचारा, त्याच फॉण्टचा कन्व्हर्टर वापरा, आणि रूपांतर झालं की र आणि रफार असलेले शब्द डोळ्यांनी तपासा. हे काम अंदाजपत्रकात धरा. मी एकदा धरलं नव्हतं.

आजऱ्याचा ऱ्या, ॲपचा ॲ

शोधपेटीत ‘ॲप’ टाकलं, काही सापडलं नाही, आणि नोंद तर समोर दिसतेय. कारण ‘ॲ’ लिहायच्या पद्धतीच अनेक आहेत. या अक्षराला यूनिकोडमध्ये स्वतःचा कोड २००८ साली, ५.१ या आवृत्तीत मिळाला. त्याआधी लोक ‘अ’ला चंद्र जोडायचे, काही कीबोर्ड मधे झेडडब्ल्यूजे हा अक्षरं जोडणारा, न दिसणारा वर्ण घालायचे. डोळ्यांना तिन्ही सारखे, संगणकाला तीन वेगळे शब्द. यूनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगळी रूपं एकसारखी करायची सोय) लावलं की काम झालं असं वाटतं, पण ते या तिघांना एक करत नाही. तो बदल आपणच लिहायचा.

‘ऱ्या’ची गोष्ट याहून नाजूक. ‘आजऱ्याला’ हा शब्द ‘ऱ’ वापरून लिहिता येतो, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे असाही. आमच्यातल्या एका हुशार पोरानं शोध सुधारायचा म्हणून सगळे अदृश्य झेडडब्ल्यूजे उडवून टाकले. झालं, आजऱ्याचा रफार झाला, ‘आजर्याला’. दऱ्यांचा दर्या झाला. आचाऱ्यांना द्यायचा पगार आचार्यांना गेला म्हणा ना! क्रम लक्षात ठेवा. आधी र-हलन्त-झेडडब्ल्यूजे या तिकडीचं ऱ-हलन्त करा, मग उरलेले अदृश्य वर्ण काढा. आणि हे फक्त शोधाच्या कॉलमवर करा, माणसानं लिहिलेलं मूळ नाव जसंच्या तसं ठेवा.

पायथनमध्ये आणखी एक खड्डा आहे. मूळ रेगेक्स (मजकुरात नमुने शोधायच्या) मोड्यूलमधलं ‘शब्दातला वर्ण’ हे चिन्ह काना-मात्रा-वेलांटीला शब्दाचा भाग मानत नाही. ‘किती’ दिलं की ‘क’ आणि ‘त’ असे दोन तुकडे हातात येतात. ‘रेगेक्स’ याच नावाचं वेगळं पॅकेज मिळतं, ते वापरा.

नावाला प्रत्यय चिकटवू नका

‘गाव’ अधिक ‘ला’. कागल टाकलं, ‘कागलला’ आलं, टेस्ट पास. शिरोळ टाकलं, तेही पास. मग पन्हाळा आला आणि स्क्रीनवर ‘पन्हाळाला’. गगनबावडाला, आजराला. खुद्द आपलं गाव घ्या, कोल्हापूरला ‘त’ लावताना ‘कोल्हापुरात’ होतं, पू दीर्घाचा ऱ्हस्व होतो. इंग्रजीत नाव आणि ‘टू’ शेजारी ठेवून भागतं, मराठीत सामान्यरूप आडवं येतं.

दोन वाटा आहेत. गावं ठरावीक असतील तर टेबलात सामान्यरूपाचा आणखी एक कॉलम ठेवा, बारा तालुक्यांची यादी अर्ध्या तासात भरून होते. नसतील तर वाक्य असं बांधा की नाव न बदलता बसेल. ‘मौजे आजरा, तालुका आजरा’ लिहिणाऱ्या जुन्या कारकुनांना ही युक्ती आपल्या कितीतरी आधी सापडली होती. माणसांच्या बाबतीत ‘यांनी’ कामाला येतो. ‘संगीता यांनी दूध घातले’ यात नाव बदलत नाही, बाई की पुरुष हा प्रश्न येत नाही, आणि मानही राखला जातो. ‘आला’ की ‘आली’ यावर कोड लिहीत बसण्यापेक्षा हे बरं.

अनेकवचनाची सोय फ्रेमवर्कमध्ये असते, ती वापरा, पण हिंदीची फाइल कॉपी करून मराठीची बनवू नका. हिंदीच्या नियमात ० आणि १ एकाच खान्यात पडतात. आपण मात्र गुळाचा ‘१ रवा’ म्हणतो आणि शून्याला ‘० रवे’. गुळाच्या अडत्याला ‘० रवा शिल्लक’ दाखवलं तर तो हसतो. लायब्ररी जुनी असेल तर शून्य टाकून मुद्दाम बघा.

आकडे

ब्राउझरला मराठी लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) दिलं की १२,३४,५६७ असा आकडा आपोआप देवनागरीत आणि लाख-हजाराच्या स्वल्पविरामासकट मिळतो. हिंदी लोकेल दिलं तर स्वल्पविराम तेच, पण अंक रोमन. ग्राहकाला मराठी मजकूर आणि रोमन अंक हवे असतील, आणि हिशेबनिसांना बहुतेकदा तेच हवे असतात, तर लोकेलच्या नावात अंकपद्धत वेगळी सांगता येते. स्क्रीनवरचा आकडा पुन्हा वाचून बेरीज मात्र करू नका. पायथन आणि जावा देवनागरी अंकांचा पूर्णांक ओळखतात, जावास्क्रिप्ट ‘१२’ला संख्या मानतच नाही.

याची उलटी बाजू शिरोलीच्या आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत भेटते. कास्टिंग जर्मनीला जातं, तिकडच्या मशीनवर कल्चर (डॉटनेटमध्ये लोकेलला हेच म्हणतात) जर्मन. जर्मन माणूस दशांशाला स्वल्पविराम लिहितो आणि हजाराला टिंब. डॉटनेटमध्ये अशा कल्चरखाली ‘६.५’ हा मजकूर वाचला तर काहीही तक्रार न करता ६५ मिळतात. साडेसहा किलोचं कास्टिंग पासष्ट किलोचं. माणसाला दाखवायचं ते त्याच्या कल्चरमध्ये, फाइलीत आणि एपीआयमध्ये लिहायचं ते कुठल्याच देशाशी न बांधलेल्या इन्व्हेरियंट कल्चरमध्ये, एवढी एक ओळ टीमच्या फळ्यावर लिहून ठेवा.

एसएमएस, लांबी आणि यादीचा क्रम

‘कोल्हापूर’ वाचायला चार अक्षरं. यूनिकोडच्या हिशेबात ९ वर्ण, यूटीएफ-८ मध्ये २७ बाइट. कॉलमची लांबी बाइटमध्ये मोजणाऱ्या डेटाबेसमध्ये २० ची मर्यादा ठेवली तर शहराचं नावही मावत नाही. एसएमएस इंग्रजीत १६० वर्णांचा, देवनागरीत ७० चा. त्यापुढं गेला की तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्यात ६७ च बसतात. दोन हजार सभासद असले की बिल दुपटीनं येतं, तेव्हा ‘आदरणीय सभासद’ काढून टाकायला सगळे तयार होतात.

मजकूर कापायचा असेल तर वर्ण मोजून कापू नका, अक्षर अर्धवट तुटतं. ग्राफीम, म्हणजे डोळ्यांना दिसणारं अखंड अक्षर, मोजणारी सोय वापरा. जावास्क्रिप्टमध्ये ‘सेगमेंटर’ आहे, डॉटनेटमध्ये ‘स्ट्रिंगइन्फो’. तरी वेगवेगळ्या मशीनवर उत्तर वेगळं येऊ शकतं. ‘ल्हा’ हे एकच अक्षर, हा नियम यूनिकोडमध्ये २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला. त्याआधीच्या प्रणाली कोल्हापूरची पाच अक्षरं मोजतात.

क्रमाचं थोडक्यात. नुसत्या कोडप्रमाणं लावलं तर ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच नंतर येतो आणि काळे कासारांच्या आधी बसतात. आपल्या वर्णमालेत ळ ‘ह’नंतर. क्षीरसागर ‘क’मध्ये हवेत की शेवटी, यावर कोशकारांचंही एकमत नाही. ग्राहकाला विचारा आणि मराठी कोलेशन (क्रमाचे नियम) लावा.

आपल्या मशीनवर चालतं, सर्व्हरवर नाही

डॉटनेटच्या अल्पाइन डॉकर इमेजमध्ये (सर्व्हरवर ॲप चालवायच्या छोट्या तयार डब्यात) भाषांचे नियम सांभाळणारी आयसीयू लायब्ररी नसते आणि भाषांचे नियम न लावणारा इन्व्हेरियंट मोड चालू असतो. तिथं मराठी कल्चर मागितलं की ॲप एरर देऊन पडतं. आयसीयूचं पॅकेज बसवा, मोड बंद करा. नोड १३ च्या आधीचं असेल तर त्यात फक्त इंग्रजी लोकेल असायचं, आवृत्ती वाढवा. एचटीएमएलमध्ये भाषा मराठी लिहायला विसरू नका. काही फॉण्ट त्यावरूनच मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ निवडतात, नाहीतर हिंदी वळण येतं आणि शाळेतल्या बाई पहिल्या नजरेत पकडतात.

मीटअप आणि हॅकेथॉनमध्ये होणाऱ्या चुका

आपल्याकडच्या मीटअपमध्ये डेमोचा डेटा अजून ‘जॉन स्मिथ, न्यूयॉर्क’ असतो. वक्ता सांगलीचा, श्रोते इचलकरंजीचे! त्याऐवजी आजऱ्याचे क्षीरसागर घ्या, पहाटे ५:१० ची नोंद घ्या. डेमो फसला तर उत्तमच, त्या दिवशीचं खरं सत्र तिथून सुरू होतं. आमच्या एका हॅकेथॉनला प्रमाणपत्रांवर मराठी नावं छापायची होती, आणि निम्म्या पोरांची नावं मोडून आली. त्या रात्री तिघांनी बसून पीडीएफची अक्षरजुळणी दुरुस्त केली. माझ्या मते त्या दोन दिवसांत सगळ्यात उपयोगी कोड तोच लिहिला गेला.

ऑक्टोबर आला की खुल्या सॉफ्टवेअरला हातभार लावायच्या हॅक्टोबरफेस्टसाठी मशीननं केलेली भाषांतरं पाठवायचा मोह होतो. असल्या भरताड पुल रिक्वेस्टींना (कोडमध्ये बदल सुचवणाऱ्या विनंत्यांना) वैतागून २०२० साली तो उपक्रम ‘ज्या प्रकल्पाला हवंय त्यानंच भाग घ्यावा’ असा बदलावा लागला होता. ‘सेव्ह’चं ‘वाचवा’ आणि ‘रन’चं ‘धावा’ करून पाठवण्यापेक्षा एक मेनू घ्या, तो प्रोग्राम उघडून प्रत्येक शब्द कुठं दिसतो ते बघा, मग लिहा. महिन्याचं नाव किंवा एखादं रूपच चुकीचं वाटत असेल तर ते फ्रेमवर्कमध्ये दुरुस्त करून उपयोग नाही. बहुतेक फ्रेमवर्क तो मजकूर सीएलडीआर या यूनिकोडच्या भाषाविषयक माहितीसाठ्यातून घेतात, तक्रार तिथं नोंदवा.

आणि अमेरिकेतल्या ऑनलाइन कार्यक्रमाची वेळ स्वतः हिशेब करून पोस्टरवर छापू नका. २०२० पासून डॉटनेट कॉन्फ ही ऑनलाइन परिषद नोव्हेंबरात होते, आणि अमेरिकेतली घड्याळं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तासभर मागं जातात. पॅसिफिक वेळ आपल्यापेक्षा ऑक्टोबरात साडेबारा तास मागं, नंतर साडेतेरा. आम्ही ऑक्टोबरातच पोस्टर केलं, सकाळी आठ म्हणजे आपले रात्री साडेआठ असं मोठ्या अक्षरांत. चाळीस जण वेळेवर आले. पडद्यावर उलटी मोजणी, एक तास शिल्लक. सगळे खासबागेत जाऊन भेळ खाऊन परत आले, तरी आठ मिनिटं उरली होती.