आजाच्या पेटीतला वस्तरा दाढीला कसा आणायचा

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात कुणाचं जुनं मातीचं घर पाडलं, की थोड्या दिवसांत एखादा वस्तरा माझ्या सलूनात येतोच. कुणाच्या आजाचा, कुणाच्या मामसासऱ्याचा. आणणाऱ्याचा प्रश्न ठरलेला: "भाऊ, याच्यानं दाढी होईन का?"

होते. पण सगळ्याच वस्तऱ्यांनी होत नाही, म्हणून आधी नीट पाहायचं. पातं उजेडात धरा. धारेपासून वर जाणारा तडा केसाएवढाही दिसला, तर तो वस्तरा भिंतीवर टांगा, गालाला लावू नका. तडा घासून जात नाही आणि पातं कधी तुटेल याचा भरवसा नाही. धारेच्या अगदी काठाला गंजाचे खड्डे असतील तरी तेच. दगडावर एक खड्डा संपवाल तर खालून दुसरा निघतो. पात्याच्या पोटावरचे काळे डाग मात्र बिनधोक, ते राहू द्या. धारेला बारीक दाते पडले असतील तर निघतात, मेहनत पडते एवढंच. मग पाठ पाहा. पाठ एकीकडे जास्त घासलेली असेल, तर आधीच्या कुणीतरी जोर लावून धार केली आहे. असा वस्तरा नवशिक्यानं घेऊ नये. काचेवर आडवा ठेवून डुलतो का तेही बघा, डुलला तर पातं वाकडं आहे.

शेपटीवरचा, म्हणजे पात्याच्या मुठीकडच्या दांडीवरचा छाप लोक आधी वाचतात, मी शेवटी वाचतो. जर्मनीतलं सोलिंगेन आणि इंग्लंडातलं शेफील्ड ही जुनी नामांकित गावं. सोलिंगेनचं नाव तिथल्याच मालावर घालता यावं म्हणून जर्मनीत 1938 साली कायदा झाला. पण आपल्या आठवडी बाजारात छापाला कोण विचारतो? पोलाद दगडावर बोलतं. रुंदी सुतात मोजतात, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पाच-सहा सुताचं पातं पहिल्यांदा बरं, फार रुंद पातं नाकाखाली अडचण करतं.

आता सफाई. गंजावर शिलाई मशीनचं तेल लावून रात्रभर ठेवा. सकाळी वॉटर पेपर घ्या, आधी 600, मग 1000, मग 2000 नंबर. नंबर जितका मोठा, तितका दाणा बारीक. कागद खोडरबरावर गुंडाळून पाठीकडून धारेकडे ओढायचा, उलट कधीच नाही, नाहीतर बोट जाईल. शेवटी ब्रासो. चकाकी आणण्याच्या नादात फार घासू नका, पातं पातळ होतं आणि पाठीची मापं बिघडतात.

सायकलच्या चाकावर विळे-कात्र्यांना धार लावून देणारा येतो, त्याच्याकडे किंवा वेल्डिंगच्या दुकानातल्या ग्राइंडरवर वस्तरा नेऊ नका. इतकं बारीक पातं क्षणात तापतं, धारेवर निळी झाक येते, म्हणजे पोलादाचं पाणी, त्याचा कडकपणा, उतरलं. मग कितीही पाजवा, धार टिकत नाही. विळ्याच्या दगडालाही हेच लागू. तो खरबरीत, वस्तऱ्याच्या कामाचा नाही.

मूठही तपासा. जुन्या मुठी शिंगाच्या, हाडाच्या किंवा सेल्युलॉइड नावाच्या जुन्या प्लास्टिकच्या असतात. सेल्युलॉइडची मूठ सडायला लागली की तिच्यातून निघणारा वायू पात्याला गंजवतो, तोही मुठीत झाकलेल्या भागालाच जास्त. अशी मूठ काढून टाका. चुलीपासून लांब ठेवा, भडकन पेटते. मूठ चांगली असेल तर तिला उकळतं पाणी आणि स्पिरिट लावू नका. फक्त पातं साबणानं धुवा, कोरडं करा आणि स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा. कुणाच्या गालावरून फिरलेला वस्तरा आहे, हे विसरायचं नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू बाहेर पडलेल्या रक्तात निदान सात दिवस जिवंत राहू शकतो. म्हणूनच मी दुकानात गिऱ्हाइकाला अर्धं ब्लेड लावायचाच वस्तरा वापरतो. हा जुना ज्याचा त्यानं वापरायचा, भावालाही द्यायचा नाही.

इथवर कुणीही पोचतो. घोळ दगडावर होतो.

दगड चार नंबरांचे लागतात: 1000, मग 3000 किंवा 4000, मग 8000, मग 12000. एवढा खर्च नको असेल तर आरशाच्या दुकानातून जाड काचेचा तुकडा कापून आणा आणि त्यावर लॅपिंग फिल्म, म्हणजे बारीक दाण्याचा प्लास्टिकचा घासकागद, चिकटवा, स्वस्त पडतं. दगड असेल तर आधी सपाट करा. पेन्सिलीनं चौकटी आखा, काचेवर ओला वॉटर पेपर ठेवून त्यावर दगड घासा, सगळ्या रेघा पुसल्या की झालं. मधे खोलगट झालेल्या दगडावर सरळ धार येत नाही.

वस्तऱ्याची एक सोय आहे. कोन धरावा लागत नाही. पाठ आणि धार दोन्ही एकदम दगडाला टेकवा, कोन आपोआप बसतो. बनवणाऱ्यानं पाठीची जाडी त्याच हिशेबानं ठेवलेली असते. पाठ झिजू नये म्हणून तिच्यावर इन्सुलेशन टेपचा एक थर लावा. टेप लावली तर शेवटच्या दगडापर्यंत तशीच हवी, फाटली की लगेच नवी. मधेच काढली तर कोन बदलतो आणि केलेलं काम वाया जातं.

धार पुढे ठेवून ढकला, दगडाच्या टोकाशी पोचलात की पाठीवर उलटवा, परत या. पातं दगडाच्या रुंदीपेक्षा लांब असतं, म्हणून ढकलताना थोडं तिरपं सरकवा, म्हणजे टाचेपासून (मुठीकडच्या बाजूपासून) टोकापर्यंत सगळ्या धारेला दगड लागतो. सुरुवातीला बोटाचा हलका दाब चालतो, नंतर फक्त वस्तऱ्याचं वजन. दगडावर पाणी राहू द्या. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, पात्यावर पांढरे डाग पाडतं, म्हणून मी शेवटी माठातल्या गाळलेल्या पाण्यानं धुतो.

1000 च्या दगडावर किती वेळ? इथेच पोरं घाई करतात. चार हात मारले, पातं चमकलं, की उचलून 8000 वर. मग महिनाभर म्हणत बसतात, वस्तराच खराब आहे. धारेच्या दोन्ही बाजूंना बारीक सपाट पट्टी तयार व्हायला हवी आणि त्या दोन पट्ट्या काठावर एकमेकींना भिडायला हव्या. ते काम फक्त पहिल्या दगडाचं आहे. पुढचे दगड ओरखडे बारीक करतात, धार बनवत नाहीत. माझे वडील धोकटी घेऊन वाड्या-वस्त्यांवर जायचे; ते म्हणायचे, "पयल्या दगडावर नाई आली, तं पुढं कायले घासतं?"

आली का, हे कळायला काळा मार्कर घ्या. दोन्ही बाजूंनी धारेला शाई लावा, हलकेच एक-दोन हात मारा आणि भिंगातून पाहा. शाई कुठे उरली तिथे दगड पोचलेला नाही. टाचेजवळ आणि टोकाला ती हमखास उरते. सगळीकडून गेली की हाताच्या केसांवर पाहा. केस टाचेला कापतो आणि मधे नाही, असं असेल तर काम बाकी आहे. पूर्ण लांबीभर सारखे केस कापायला लागले की पुढे जा. पुढच्या प्रत्येक दगडावर आधीच्या दगडाचे ओरखडे दिसेनासे होईपर्यंतच घासायचं. 12000 वर दाब शून्य.

मग पट्टा, धार घोटायचा कापडाचा आणि चामड्याचा. इथे दिशा उलटी: पाठ पुढे, धार मागे. चुकलात तर चामडं कापलं जातं आणि धारही जाते. आधी कापडावर वीस-तीस हात, मग चामड्यावर पन्नास. कापडासाठी मी सेवाग्रामहून आणलेली जाड खादी दुहेरी शिवून वापरतो. पट्टा ताणून धरा. सैल पडला की धार गोल होते. आपल्याकडच्या मे महिन्यात चामडं खडखडीत वाळतं, त्याला तळहातानं चोळत राहा, त्वचेचं तेल पुरतं.

पहिली दाढी आंघोळीनंतर. साबणाचा फेस भरपूर, कातडी ताणलेली, पातं गालाशी साधारण तीस अंशांवर, केस वाढतात त्या दिशेनं. पहिल्या दिवशी दोन्ही गाल करा आणि थांबा. हनुवटी आणि मान नंतर, हात बसल्यावर. पातं ओढत असेल तर दाबू नका, परत पट्ट्यावर जा. तुरटी जवळ ठेवा.

झालं की पातं पुसा, मुठीतली फटही कोरडी करा आणि मशीनच्या तेलाचा एक थेंब लावा. खोबरेल नको, चिकट होतं. पावसाळ्यात न्हाणीत ठेवला तर पोळ्यापर्यंत धारेला गंज चढलेला दिसेल. दर दाढीआधी पट्टा. काही महिन्यांनी पट्ट्यानंही भागेनासं झालं, तर फक्त 12000 वर थोडे हात मारा. 1000 चा दगड पुन्हा काढायची वेळ वस्तरा फरशीवर पडला तरच येते.