किल्ले, लेणी, जुनी देवळं, वाडे बघायला जाताय? या चुका टाळा

रायगड करून आलेल्या कुणालाही विचारा, जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर काय कोरलंय. बरेचजण ती पायरी चढून आत गेलेले असतात, दर्शन झालेलं असतं, समाधीपुढे डोकं टेकवलेलं असतं, फोटो तर शंभरेक काढलेले असतात, पण "सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इंदुलकर" ही ओळ मात्र बघितलेलीच नसते. ज्या माणसाने गड बांधला त्याने आपलं नाव पायरीवर ठेवलं आणि आपण त्याच्याच बाजूने घाईघाईत पुढे निघून जातो, मला याचं खरंच वाईट वाटतं, म्हणून हे लिहितोय.

तर पहिली चूक ही घाईच. एका दिवसात तीन किल्ले आणि दोन देवळं असा प्लॅन केला की बघणं होत नाही, नुसती हजेरी लागते. एकच जागा धरा आणि तिला अर्धा दिवस द्या.

सुट्टीचा वार न बघता निघणं ही दुसरी. अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी, हे माहीत नसल्यामुळे लोक लांबून येऊन गेटवरून परत जातात. शनि-रवि-सोम असा जोडून वीकेंड असेल तर अजिंठा आधी उरका आणि सोमवार वेरूळला ठेवा.

आता सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार, "शिलालेख आहे म्हणतात पण काहीच दिसत नाही, सगळं झिजलंय." बऱ्याचदा झिजलेलं नसतं हो, उजेड चुकीचा असतो. भर दुपारी ऊन सरळ वरून येतं आणि दगड सपाट दिसतो, तोच दगड सकाळी लवकर किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात बघा. दगड सावलीत असेल तर मोबाईलचा टॉर्च समोरून मारू नका, बाजूला दगडाच्या अगदी जवळ आडवा धरा, म्हणजे अक्षरांच्या खाचेत सावली धरते आणि मघाशी कोऱ्या वाटलेल्या दगडावर आधी एक काना, मग एक वेलांटी, मग अख्खी ओळ दिसायला लागते. पहिल्यांदा असं दिसलं होतं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. पण अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू फिरवणं, तेल लावणं, तारेच्या ब्रशने घासणं अजिबात करू नका. आणि हा टॉर्चचा उपाय फक्त दगडासाठी आहे, अजिंठ्याच्या चित्रांवर टॉर्च नाही आणि फ्लॅश तर नाहीच नाही, तिथे डोळे अंधाराला सरावेपर्यंत शांत उभं राहायचं, मग रंग आपोआप दिसू लागतात.

अजिंठ्याचा विषय निघालाच आहे तर १० नंबरच्या लेण्यात एका खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने स्वतःचं नाव आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख कोरलीय, तीही चित्रावर. ते नाव आज आपल्या डोक्याच्या वर आहे कारण तेव्हा लेण्यात मातीचा ढीग साचलेला होता आणि तो त्यावर उभा होता. दोनशे वर्षं झाली तरी तो ओरखडा तसाच आहे, त्यामुळे बदामात नावं कोरणाऱ्यांना तिथल्या तिथे हटका. संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

पुढची चूक, काळ्या दगडाचं देऊळ दिसलं की लगेच "हेमाडपंती" म्हणून मोकळं होणं. हे नाव ज्याच्यावरून पडलं तो हेमाद्री, म्हणजेच हेमाडपंत, हा देवगिरीच्या यादव राजांचा मंत्री, तेराव्या शतकातला. अंबरनाथच्या शिवमंदिरातला लेख शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० चा आहे, शिलाहार राजांच्या काळातला, म्हणजे हेमाडपंताच्या कितीतरी आधीचा! तसंच "इथून भुयार थेट अमक्या किल्ल्यावर निघतं" ही गोष्ट जवळपास प्रत्येक गावात ऐकायला मिळते, ती आवडीने ऐका पण इतिहास म्हणून पुढे फॉरवर्ड करू नका.

लांबचं बघताना घरचं राहून जातं, हीसुद्धा मोठी चूक. गावातल्या देवळामागे शेंदूर फासलेला, अर्धा मातीत गेलेला उभा दगड असतो ना, तो बरेचदा वीरगळ असतो, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीसाठी कोरून उभा केलेला दगड. लोक तो वरून खाली बघतात म्हणून काही कळत नाही, तो खालून वर वाचायचा. सगळ्यात खाली लढाई किंवा पडलेला वीर, कधी बाजूला गाईसुद्धा असतात, म्हणजे गावाची गुरं सोडवताना तो गेला. त्याच्या वर अप्सरा त्याला घेऊन चाललेल्या, त्याच्या वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेपर्यंत याची कीर्ती राहील. एवढी सगळी गोष्ट एका दगडात आहे आणि त्यावर कुणीतरी कपडे वाळत टाकलेले असतात.

बाहेरच्या राज्यात गेलात तरी आपल्या खुणा शोधा. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात लोक मान वर करून शिखर बघतात आणि निघतात, पण तिथल्याच भिंतीवर तंजावरचे मराठा राजे सरफोजी भोसले यांनी १८०३ मध्ये कोरून घेतलेला भोसल्यांच्या घराण्याचा इतिहास मराठीत आहे. आणि शिखराची सावली पडत नाही असं कुणी सांगितलं तर दुपार कलल्यावर स्वतः बघा, चांगली लांब पडते.

राहत्या वाड्यात न विचारता घुसणं मात्र कधीच नको. दारातून हाक मारा, "आजी, वाडा बघू का?" एवढं पुरतं. साताऱ्याकडच्या एका गावात असंच विचारलं तर आजींनी आधी पाणी दिलं, मग दिंडी दरवाजा लावून घेतला आणि भिंतीतल्या चौकोनी भोकात हात घालून अख्खा अडसर, म्हणजे दारामागे आडवा लावायचा लाकडी दांडा, खेचून बाहेर काढला, चांगला पाच-सहा फुटांचा, हात लागून लागून काळा गुळगुळीत झालेला. "रोज रात्री हाच लावते," म्हणाल्या.